आंतरविद्याशाखीय संशोधन : डेक्कन कॉलेजमधील प्रयोग

ज्ञानाच्या दोन वा अधिक शाखांतील अभ्यासकांनी एकाच प्रश्नाच्या उकलीसाठी आपापली साधने व पद्धती एकत्र आणून केलेले संशोधन. अनेकांनी मिळून केलेले प्रत्येक संशोधन या संज्ञेस पात्र ठरत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे सहकारी संशोधनाचे भारतातील बहुधा सर्वांत भव्य उदाहरण होय. परंतु तेथे एकत्र आलेले पंडित एकाच शास्त्राचे होते आणि पाठचिकित्सेची त्यांची पद्धतीही एकच होती. ज्यांची भाषा, प्रमाणे व पुराव्याच्या कसोट्या परस्परांहून भिन्न आहेत अशा अभ्यासकांना एकत्र आणणे ही निराळी व अधिक अवघड गोष्ट आहे. महाराष्ट्रात तिचा सर्वांत दीर्घ व फलदायी प्रयोग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुख्यत्वे पुरातत्त्वविद्येच्या क्षेत्रात झाला. त्याचा येथे विचार केला आहे.

पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये स्थापन झालेल्या पाठशाळेची परंपरा सांगणारे हे महाविद्यालय १९३४ मध्ये सरकारने बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था या नव्या स्वरूपात ते पुन्हा सुरू झाले. पदवीपूर्व वर्ग नाहीत, परीक्षांचा व्याप नाही आणि अध्यापकवर्ग मोजका, अशी ही संस्था होती. भाषाशास्त्रासाठी सुमित्र मंगेश कत्रे (१९०६–९८), पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकळिया (१९०८–८९), समाजशास्त्र व मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे (१९०५–७०), मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर असे अभ्यासक येथे एका छपराखाली आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या संस्थेच्या पत्रिकेत या सर्वांचे लेख शेजारी शेजारी छापले जात. शेजार ही सहकार्याची अट असली, तरी शेजार म्हणजेच सहकार्य नव्हे, हे मात्र पुढील दोन दशकांत दिसून आले.

एकाच व्यक्तीने अनेक शास्त्रे आत्मसात करणे हा दुसरा मार्ग होता व पुण्यातच त्याचे श्रेष्ठ उदाहरण उपलब्ध होते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) हे व्यवसायाने गणितज्ञ. नाणे चलनात फिरत राहिले की झिजते, त्यामुळे एकाच काळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कालांतराने घटते व वजनांतील तफावत वाढते, या साध्या निरीक्षणाला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली. प्रचलित नाणी तोलून त्यांनी हे तत्त्व पडताळले आणि तक्षशिला येथील आहत नाण्यांचा क्रम त्याआधारे लावला. या विषयावरील त्यांचे लेखन १९४१ पासून न्यू इंडियन अँटिक्वरीया नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कत्रे हे त्या नियतकालिकाचे एक संपादक होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्राच्यविद्येच्या पत्रिकेत गणिती सूत्रे छापण्यास तयार असलेला संपादक नसता, तर हे संशोधन वाचकांपर्यंत कसे पोहोचले असते हा प्रश्नच आहे. तथापि हा मार्ग असामान्य बुद्धिमत्तेच्या व्यक्तीलाच खुला होता. त्यातून शिष्यपरंपरा वा विभाग निर्माण झाला नाही.

सांकळिया व कर्वे यांनी तिसरा मार्ग धरला. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे १९४४ मध्ये दोघांनी संयुक्त मोहीम काढली. तेथील वाळूच्या टेकाडात सूक्ष्मास्त्रांबरोबर मानवी सांगाडे मिळाले. पुरातत्त्वज्ञाला हत्यारे ओळखता येतात, सांगाडा मात्र त्याच्या दृष्टीने एक अवशेष एवढाच असतो. मानवशास्त्रज्ञाला कवटीचे मोजमाप घेता येते, परंतु ती कोणत्या थरातून आली याची खातरी तो स्वतः देऊ शकत नाही. लांघणज येथे दोघेही खड्ड्याच्या काठावर हजर होते. सांगाड्यांच्या प्राथमिक परीक्षणात कर्वे यांच्याबरोबर शरीररचनाशास्त्रज्ञ कुरुलकर यांनीही भाग घेतला. यानंतर काही वर्षांनी लंडनचे भूकालगणनातज्ञ फ्रीड्रिख झॉयनर भारतात आले आणि त्यांनी गुजरातमधील नद्यांचे काठ व वाळूचे थर पाहून अश्मयुगीन हवामानाचा आराखडा मांडला. डेक्कन कॉलेजने तो १९५० मध्ये प्रसिद्ध केला. नदीच्या काठावरील गाळ हाही एक दस्तऐवज आहे व तो वाचणारा माणूस संस्थेत कायमचा हवा, हा धडा सांकळियांनी त्यावरून घेतला असावा. पुढे भूशास्त्राचे शिक्षण घेतलेले राजगुरू यांच्यासारखे अभ्यासक विभागातच तयार झाले.

तरीही बराच काळ तज्ञांचे काम उत्खननानंतर सुरू होई. हाडे, धान्य व धातू यांचे नमुने पिशव्यांत भरून दूरच्या प्रयोगशाळेकडे जात, अहवाल टपालाने येई व ग्रंथाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडला जाई. १९६१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्राण्यांची हाडे (ज्युलिएट क्लटन-ब्रॉक), वनस्पतींचे अवशेष (विष्णु-मित्र) आणि धागे (गुलाटी) यांवरील तांत्रिक अहवालांचे एक स्वतंत्र पुस्तकच काढले. हे पुस्तक त्या काळी मोठी प्रगती मानले गेले व ती प्रगती होतीही. नेवासे येथील एका बालकाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले होते. मण्यांच्या भोकात गंजामुळे टिकून राहिलेला दोरा कापूस-तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा तो रेशीम व कापूस यांचा असल्याचे आढळले. चांदोली येथील मण्यांतला दोरा जवसाच्या तागाचा निघाला. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत सूत काढले जात होते, हे कोणत्याही खापराने सांगितले नसते. परंतु हे सर्व एका वेगळ्या पुस्तकात राहिले. लांघणजच्या अंतिम अहवालाचेही तसेच झाले : पुरातत्त्व, प्राणी व मानवी अवशेष असे त्याचे तीन स्वतंत्र भाग निघाले. उत्खनक आपला निष्कर्ष आधी लिहून मोकळा होई आणि तज्ञाच्या शोधामुळे त्यात फरक पडण्यास फारशी वाव नसे. परिशिष्टाची ही पद्धत केवळ छपाईची सोय नव्हती. कोणाचा प्रश्न मुख्य व कोणाचा गौण, याची ती उतरंड होती.

या उतरंडीला पहिला धक्का कार्बन-१४ कालमापनपद्धतीने दिला. मध्य प्रदेशातील माहेश्वरसमोर नर्मदेच्या काठी असलेल्या नावडातोली येथील उत्खननात (१९५२-५३ व १९५७–५९) बडोदा विद्यापीठाचाही सहभाग होता. तेथील कोळशाचे नमुने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे पाठवावे लागले. पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा सुरू झाली आणि पदार्थवैज्ञानिक व पुरातत्त्वज्ञ यांचा संबंध नित्याचा झाला. येथे पुरातत्त्वज्ञाला आपली जुनी सवय सोडणे भाग पडले. नमुना कोणत्या थरातून, कोणत्या चुलीतून वा खांबाच्या खड्ड्यातून घेतला, त्यात मुळ्या वा नंतरची माती मिसळली आहे काय, याची काटेकोर नोंद नसेल तर पदार्थवैज्ञानिकाचा आकडा निरर्थक ठरतो. एका शास्त्राच्या गरजेने दुसऱ्या शास्त्राची शिस्त सुधारावी, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथील उत्खननात हा प्रयोग परिपक्व झाला. सांकळिया, झै. दा. अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर (१९३०–२०१८) यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ पासून बारा हंगाम येथे काम चालले. उत्खननाचे प्रयोजनच येथे बदलले होते. कोणती संस्कृती कोणत्या संस्कृतीनंतर आली, हे नेवासे व नावडातोली येथे बव्हंशी ठरले होते; आता प्रश्न होता तो पहिले शेतकरी कसे जगत होते हा. त्यासाठी उभे खोल खड्डे पुरेसे नव्हते. पांढरीच्या टेकाडाचा विस्तृत भाग आडवा उघडण्यात आला व एकशे तीसहून अधिक घरांचे अवशेष प्रकाशात आले. घराच्या जमिनीवरची माती चाळून व पाण्यात तरंगवून जळके दाणे वेगळे करण्यात आले. वनस्पतींच्या अवशेषांचे अभ्यासक काजळे व प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक थॉमस हे पाहुणे नव्हते, तर विभागातीलच होते. मानवी सांगाड्यांचा अभ्यास केनेथ केनेडी, जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी केला.

त्यातून उभे राहिलेले चित्र एकट्या कोणाही शास्त्राला काढता आले नसते. इनामगावची वस्ती माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) व उत्तर जोर्वे (१०००–७००) अशा तीन कालखंडांत विभागली जाते. सातू हे तेथील मुख्य पीक होते. त्याबरोबर गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा इ. धान्येही मिळाली. पूर्व जोर्वे काळात चौकोनी, प्रशस्त घरे व पुराचे पाणी वळविण्यासाठी बांध आणि कालवा होता. उत्तर जोर्वे काळात घरे लहान व गोल झाली, शेती आक्रसली आणि शिकार व शेळ्यामेंढ्या यांवरची भिस्त वाढली. दफनांचा पुरावाही असाच बोलका आहे. बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घराच्या जमिनीखाली पुरत; प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. पाच दालनांच्या एका घराच्या आवारात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसविलेला एक प्रौढ पुरुष मिळाला व त्याचे पाय शाबूत होते. पाय तोडले नव्हते हे अस्थितज्ञाने सांगावे, रांजणाचे वेगळेपण पुरातत्त्वज्ञाने ओळखावे आणि हा वस्तीचा प्रमुख असावा हे अनुमान मानवशास्त्रातील मुखियाप्रधान समाजाच्या संकल्पनेने सुचवावे, असा हा तिहेरी धागा आहे. यांपैकी एकही सुटला असता, तर ते केवळ एक विलक्षण दफन राहिले असते.

सांगाड्यांवरील खंड १९८६ मध्ये व मुख्य अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य अहवालात हाडे, धान्य, नदीचा गाळ व हवामान यांवरील प्रकरणे निष्कर्षाचा आधार म्हणून आली. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती ढासळली व शेवटी लोकांनी गाव सोडले, ही ढवळीकरांची उपपत्ती त्यांवरच उभी आहे.

या पद्धतीचा एक धोकाही याच उपपत्तीत दिसतो. गाळाचा पुरावा हवामान कोरडे झाल्याचे सुचवितो, तर धान्याचा पुरावा शेती घटल्याचे. दोहोंची साखळी जुळली की प्रत्येक शास्त्र दुसऱ्याला साक्षीदार धरू लागते. परस्परांची कसोटी घेण्याऐवजी ती परस्परांचे समर्थन करीत राहण्याचा संभव असतो. पुढील पिढीतील काही अभ्यासकांनी म्हणूनच या साखळीचा प्रत्येक दुवा पुन्हा तपासला आणि वस्ती लयास जाण्यास एकटे हवामान पुरेसे कारण आहे काय, याविषयी शंका घेतल्या. एका संस्थेत, एका मार्गदर्शकाच्या भोवती वाढलेल्या गटात मतभेद उघडपणे मांडणे अवघड जाते, ही अडचण डेक्कन कॉलेजपुरती मर्यादित नाही.

पुरातत्त्वाबाहेर संस्थेने योजलेला दुसरा मोठा प्रकल्प म्हणजे कत्रे यांनी १९४८ मध्ये हाती घेतलेला ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोश. वेदांपासून गणित, वैद्यक व शिल्पशास्त्रापर्यंत ६२ विद्याशाखांतील सु. १,५०० ग्रंथांतून त्यासाठी शब्द वेचले गेले. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला व काम अद्याप चालू आहे. या कोशात विद्याशाखा ग्रंथरूपाने एकत्र आल्या. इनामगावसारखी अभ्यासकांची समोरासमोर गाठ तेथे फारशी पडली नाही.

डेक्कन कॉलेजला १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इनामगावच्या अस्थींचा अभ्यास उत्खनन संपल्यावरही थांबला नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रांजणांतील बालकांच्या हाडांची वाढ मोजून उत्तर जोर्वे काळातील बालकांवर पडलेला ताण दाखविला आणि हवामानाच्या प्रश्नाची नव्याने चर्चा केली. बारा हंगामांत प्रत्येक रांजणाचा थर व जागा नोंदवून ठेवलेली होती, म्हणूनच हे फेरपरीक्षण शक्य झाले.