कॅप्फरर, ब्रूस

ऑस्ट्रेलियन सामाजिक मानवशास्त्रज्ञ. जन्म सिडनी येथे, १९४०. सिडनी विद्यापीठात शिक्षण, पुढे मँचेस्टर विद्यापीठाची डॉक्टरेट. तेथील मानवशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन यांच्या परंपरेत घडल्यामुळे एकेक प्रसंग बारकाईने तपासून समाजाची घडण उलगडण्याची शिस्त त्यांच्या लेखनात कायम राहिली.

झांबियातील काब्वे येथे भारतीय मालकाच्या शिवणकारखान्यातील ३९ कामगारांचे परस्परसंबंध त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने दोनदा नोंदवले. पहिल्या नोंदीनंतर संपाचा प्रयत्न फसला, दुसरीनंतर संप यशस्वी झाला. ‘स्ट्रॅटेजी अँड ट्रान्झॅक्शन इन ॲन आफ्रिकन फॅक्टरी’ (१९७२) मधील ही सामग्री संबंधजालांचे अभ्यासक पुढेही वापरत आले आहेत.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र दक्षिण श्रीलंकेतील सिंहली बौद्धांच्या भूतबाधा उतरवण्याच्या विधींवर आहे. ‘अ सेलिब्रेशन ऑफ डीमन्स’ (१९८३) मध्ये रात्रभर चालणाऱ्या विधीचा क्रम सविस्तर येतो. नृत्याने रुग्ण आणि जमलेले लोक भुताच्या सत्तेत ओढले जातात. मग मुखवट्यांच्या विनोदी नाट्यात तेच भूत हास्यास्पद ठरते. बौद्ध विश्वरचनेत भुतांचे स्थान खालचे. आजारात ती वर चढलेली असतात आणि हशा त्यांना पुन्हा जागेवर आणतो. नृत्य आणि विनोद ही विधीची सजावट नसून त्याचे प्रत्यक्ष कार्य आहे, हे इतक्या ताकदीने क्वचितच कोणी दाखवले असेल. चेटूक उलटवणाऱ्या सुनियम विधीवर ‘द फीस्ट ऑफ द सॉर्सरर’ (१९९७) हा ग्रंथ आहे. या विधीत आद्य राजा महासंमत याचा प्रासाद उभारून शेवटी मोडला जातो.

‘लेजंड्स ऑफ पीपल, मिथ्स ऑफ स्टेट’ (१९८८) या ग्रंथात त्यांनी हेच विवेचन राष्ट्रवादापर्यंत नेले. महावंस या श्रीलंकेच्या पाली इतिवृत्तातील विजय व दुटुगेमुनू या राजांच्या कथांमध्ये व्यक्ती राज्याच्या उतरंडीत सामावलेली असते. राज्य भंगले की माणूसही भंगतो. श्रीलंकेतील जुलै १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारातील आवेग त्यांनी याच तर्काने समजून घेतला. याउलट ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलच्या अँझॅक दिनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे लढलेल्या सैनिकांचे स्मरण होते तेव्हा समानतेचा आणि राज्याहून आधीच्या ‘लोकां’चा गौरव असतो; तेथील असहिष्णुता या समानतेतूनच, वेगळेपण न सोसण्यातून, उगवते. सिंहली संस्कृती या मांडणीत फार एकसंध ठरते, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. जुन्या कथा आपोआप हिंसा घडवतात, असे मात्र कॅप्फरर यांचे म्हणणे नव्हते.

अध्यापन : ॲडलेड, जेम्स कुक, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन व बर्गेन. ‘सोशल ॲनॅलिसिस’ या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक.