सौम्य ख्रिस्ती पालकत्व

सौम्य ख्रिस्ती पालकत्व म्हणजे मारहाण, धमकी व अपमान टाळून मुलांना वळण लावण्याची ख्रिस्ती विचारातील एक भूमिका होय. मूल हे देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली व्यक्ती असल्याने मोठ्या माणसाइतकेच आदरास पात्र आहे, हे तिचे मूळ गृहीतक आहे. ही कोणत्याही एका पंथाची स्वतंत्र शिकवण नसून कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट अशा तिन्ही परंपरांत तिचे पुरस्कर्ते आढळतात. या भूमिकेत शिस्तीला नकार नाही. शिस्त म्हणजे दंड या समजुतीला नकार आहे.

संज्ञा

मराठीत ‘शिक्षा’ या शब्दाचा रूढ अर्थ दंड असा असला, तरी संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे किंवा शिकवणे असा आहे. ‘शिक्षण’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. बायबलच्या मूळ भाषांतही असाच अर्थविस्तार दिसतो. इफिसकरांस पत्रात (6:4) वापरलेला ‘पायदेया’ हा ग्रीक शब्द ‘मूल’ या अर्थाच्या शब्दापासून बनला असून त्यात संगोपन, शिक्षण आणि ताडन हे सर्व अर्थ येतात. यांपैकी कोणत्या अर्थाला प्राधान्य द्यावे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

बायबलमधील आधार

या भूमिकेचे पुरस्कर्ते प्रामुख्याने नव्या करारातील उताऱ्यांचा आधार घेतात. मार्ककृत शुभवर्तमानात (10:13–16) शिष्य बालकांना दूर लोटतात, तेव्हा येशू शिष्यांवर रागावतो आणि बालकांना जवळ घेऊन आशीर्वाद देतो. इफिसकरांस व कलस्सैकरांस (3:21) लिहिलेल्या पत्रांत मुलांना आज्ञापालन सांगितले आहे. परंतु लगेच बापांनाही मुलांना चिडीस आणू नये अशी ताकीद दिली आहे. कुटुंबप्रमुखाची सत्ता जवळजवळ अनिर्बंध असलेल्या रोमन समाजात हे बंधन लक्षणीय मानले जाते.

‘काठी’विषयीचा वाद

मुलाला काठीने शिस्त लावण्याचा उपदेश नीतिसूत्रे या पुस्तकात अनेकदा येतो (उदा. 13:24, 22:15, 23:13–14). तेथील ‘शेवेत’ या हिब्रू शब्दाचा अर्थ काठी, राजदंड तसेच वंश असाही होतो. स्तोत्रसंहितेच्या 23व्या स्तोत्रात हाच शब्द मेंढपाळाच्या, धीर देणाऱ्या काठीसाठी आला आहे. त्यामुळे नीतिसूत्रांतील काठीही मार्गदर्शनाचे प्रतीक आहे, असे काही भाष्यकार मानतात.

मात्र 23:13–14 मध्ये काठीने मारण्याचा स्पष्ट उल्लेख असल्याने हा अर्थ सर्वांना मान्य नाही. अभ्यासक विल्यम वेब यांनी 2011 मधील आपल्या ग्रंथात वेगळा मार्ग सुचवला. त्यांच्या मते ही वचने प्रत्यक्ष ताडनाविषयीच आहेत. परंतु गुलामगिरीविषयक नियमांप्रमाणेच येथेही बायबलची दिशा अधिकाधिक मानवीयतेकडे असून वाचकांनी त्या दिशेने पुढे जावे.

इतिहास

चौथ्या शतकातील धर्मगुरू जॉन क्रिसोस्टोम यांनी मुलांच्या संगोपनावरील प्रबंधात पालकांची तुलना शिल्पकार व चित्रकारांशी केली. मुलाला माराचा धाक असावा, पण सतत मार देऊ नये, असे त्यांचे मत होते. अँसेल्म (मृत्यू 1109) यांच्या एडमरलिखित चरित्रात एका मठाधिपतीशी झालेला त्यांचा संवाद आहे. रात्रंदिवस मारूनही मठातील मुले सुधारत नाहीत, अशी तक्रार ऐकून अँसेल्म यांनी चहूबाजूंनी कोंडलेल्या रोपाचा दाखला दिला: अशा रोपाच्या फांद्या वेड्यावाकड्याच वाढणार.

याउलट, मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या आई सुझाना यांनी 1732 च्या पत्रात मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच नमवणे आवश्यक मानले. हा विचार पुढे इंग्रजी भाषक प्रोटेस्टंट समाजात दीर्घकाळ प्रभावी राहिला. अमेरिकन धर्मोपदेशक होरेस बुशनेल (1802–1876) यांनी मुलाची श्रद्धा घरातील प्रेमळ वातावरणात हळूहळू वाढते, असे प्रतिपादन केले. त्यांचा ‘ख्रिश्चन नर्चर’ हा ग्रंथ 1847 मध्ये प्रथम व 1861 मध्ये विस्तृत स्वरूपात प्रसिद्ध झाला.

इटलीत जॉन बॉस्को यांनी 1877 मध्ये ‘प्रतिबंधक पद्धती’ मांडली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार असून, अपराधानंतर दंड करण्यापेक्षा मुलांच्या सहवासात राहून अपराधाची वेळच येऊ न देण्यावर तिचा भर होता. त्यांनी स्थापन केलेली सेलेशियन संस्था 1906 मध्ये भारतात आली. मुंबईतील माटुंगा येथील डॉन बॉस्को विद्यालय याच परंपरेतील आहे.

आचरण

नियम थोडे व स्पष्ट असावेत, त्यांची कारणे मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावीत आणि चुकीची भरपाई चुकीशी निगडित असावी, हे या पद्धतीचे सर्वसाधारण संकेत आहेत. उदाहरणार्थ, रागाने पाणी सांडणाऱ्या मुलाला ते पुसायला लावले जाते. ‘देव शिक्षा करील’ अशी भीती घालणे टाळले जाते. कारण पालकांच्या वागण्यातूनच मुलाच्या मनात देवाची प्रतिमा आकार घेते, असे मानले जाते. पालकाने स्वतःची चूक झाल्यास मुलाची क्षमा मागणे, हा पश्चात्ताप व क्षमा या तत्त्वांचा घरगुती पाठ समजला जातो.

टीका

या भूमिकेत मानवी स्वभावातील पापप्रवृत्तीचा विचार पुरेसा होत नाही, असा आक्षेप काही इव्हँजेलिकल लेखक घेतात. जेम्स डॉब्सन यांनी ‘डेअर टू डिसिप्लिन’ (1970) या पुस्तकात जाणीवपूर्वक केलेल्या अवज्ञेसाठी मर्यादित शारीरिक दंडाचे समर्थन केले. सौम्यता व मोकळीक यांतील सीमारेषा पुसट होते, अशीही टीका होते. पुरस्कर्त्यांच्या मते मर्यादा ठामपणे पाळणे आणि मारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायदा आणि चर्चची भूमिका

1979 मध्ये स्वीडनने घरातील शारीरिक शिक्षेवरही कायद्याने बंदी घातली; असे करणारा तो जगातील पहिला देश होय. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने 2004 मध्ये शारीरिक शिक्षेविरुद्ध ठराव संमत केले. भारतात शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई आहे. हे कलम घरातील वर्तनास लागू होत नाही.

हेही पाहा

- बालहक्क
- बालसंगोपन
- नीतिसूत्रे
- जॉन बॉस्को