सूर आणि जमाखर्च

जळगाव शहरात बालगंधर्वांच्या नावाचे एक खुले नाट्यगृह आहे. त्यांच्या नावाने तेथे संगीत महोत्सवही भरत आला आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला याचे कधीकधी नवल वाटते. बालगंधर्व म्हटले की पुणे, मुंबई, बडोदे ही नावे ओठांवर येतात. तापीकाठच्या या कापसाच्या मुलखाशी त्यांचा काय संबंध, असे त्याला वाटते. संबंध आहे, आणि तो अगदी आरंभीचा आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा शाळकरी वयात जळगावला आप्तांच्या घरी राहिला होता आणि गाण्याचे पहिले पद्धतशीर धडे त्याने येथेच मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले. पुढे ज्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले, त्या गळ्यावरचे पहिले संस्कार खानदेशातले आहेत.

त्या गळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र या लेखात बालगंधर्वांच्या दुसऱ्या अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते जसे गायक-नट होते, तसेच दोन दशके एका मोठ्या नाटक मंडळीचे मालकही होते. रंगमंचावरील संगीत ज्याच्या मुठीत, त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली असावी काय? हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने जितक्या तीव्रतेने विचारला, तितक्या तीव्रतेने मराठी रंगभूमीच्या इतिहासात क्वचितच कोणी विचारला असेल.

प्रथम त्या काळचा खानदेश डोळ्यांसमोर आणला पाहिजे. मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाणारा सलग लोहमार्ग १८७० साली पुरा झाला आणि जळगाव, भुसावळ ही गावे त्या हमरस्त्यावर आली. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाल्याने धुळेही आगगाडीने जोडले गेले. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले; पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावला आणि पश्चिम खानदेशाचे धुळ्याला राहिले. आगगाडी, कचेऱ्या, वकील-मामलेदारांचा सुशिक्षित वर्ग आणि कापसाच्या हंगामात खेळणारा पैसा, या चार गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे फिरती नाटक मंडळी मुक्काम टाकू शकते. पडदे, पेट्या, भांडीकुंडी आणि माणसे यांचा तो सारा संसार आगगाडीने गावोगाव हलत असे. नाटक मंडळी म्हणजे केवळ नटांचा संच नव्हे. स्वयंपाकघरापासून शिंपीकामापर्यंत सर्व खाती असलेले ते एक फिरते बिऱ्हाडच होते.

या बिऱ्हाडाला संगीत नाटकाचे रूप दिले ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. नाटककार, शिक्षक, सूत्रधार आणि मंडळीचे प्रमुख, या सर्व भूमिका अण्णासाहेबांनी एकट्याने पार पाडल्या. १८८५ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांची मंडळी मात्र टिकली, कारण हळूहळू कामांची वाटणी झाली. भाऊराव कोल्हटकरांनी गाणे सांभाळले, गोविंद बल्लाळ देवलांनी तालमी घेतल्या, पुढच्या काळात शंकरराव मुजुमदारांनी व्यवस्था पाहिली.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच होता असे मात्र नाही. पॅरिसच्या सुप्रसिद्ध ऑपेरात फ्रान्स्वा-आंत्वान आबनेक हे वादक १८२१ ते १८२४ पर्यंत संचालक होते. त्यानंतर त्यांनी संचालकपद सोडून वाद्यवृंदाचे नेतृत्व पत्करले आणि ते १८४६ पर्यंत केले. व्हायोलिनचा गज हाती घेऊन ते वाद्यवृंद चालवीत. १८३१ साली त्या संस्थेचा कारभार लुई व्हेराँ या व्यवहारचतुर गृहस्थाकडे आला. त्यांना सरकारी अनुदान होते, तरी नफ्यातोट्याची जोखीम त्यांची स्वतःची होती. व्हेराँ पैसा मोजीत, आबनेक ताल मोजीत, आणि दोघांच्या त्या काळात ऑपेराची भरभराट झाली. चार वर्षांनी व्हेराँ चांगली मिळकत गाठीशी बांधून निवृत्त झाले. आपल्याकडे अनुदान नव्हते. मंडळीचे सारे भवितव्य रात्रीच्या तिकीटविक्रीवर अवलंबून असे; पाऊस, प्लेग किंवा प्रमुख नटाचा बसलेला आवाज यांपैकी एकही गोष्ट तिला महिनाभर मागे ढकलू शकत असे.

अशा संस्थेत १९०५ साली सतरा वर्षांचा नारायण दाखल झाला. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांच्या तोंडून त्याला आधीच मिळाले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्याच्यावर लोभ होता. त्याच्या कानांत दोष होता, त्यावर महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार करविले. मिरजेसच किर्लोस्कर मंडळीत त्याने शकुंतलेची भूमिका केली आणि भाऊरावांच्या मृत्यूनंतर रिकामे झालेले स्थान भरून निघाले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सर्वांना वाटत असताना त्यांनी भामिनी रंगवली. या प्रसंगाकडे सामान्यतः कलानिष्ठा म्हणून पाहिले जाते. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जमलेल्या प्रेक्षकांना परत पाठवायचे नाही, हा त्यांचा शब्द होता. प्रेक्षकांना त्यांनी ‘मायबाप’ मानले ते कायमचे, आणि त्यांचे मोठेपण व त्यांचे नुकसान ही दोन्ही त्या एका भावनेतून आली.

किर्लोस्कर मंडळीच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाल्यावर १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ही तीन मालकांची रचना आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. बालगंधर्व हा मंडळीचा गळा, टेंबे हे संगीताचे जाणते, आणि बोडस हे कसलेले गद्य नट व रोखठोक स्वभावाचे गृहस्थ. एकाने मागावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने थांबवावे, अशी सोय त्या रचनेत आपोआप होती. परंतु टेंबे १९१५ साली वेगळे झाले, पुढे काही वर्षांनी बोडसही गेले. मग बालगंधर्व एकटे मालक उरले आणि ‘नको’ म्हणणारे कोणी उरले नाही.

कलेच्या दृष्टीने ही वर्षे वैभवाची होती. १० डिसेंबर १९१६ रोजी ‘स्वयंवर’ आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास ‘एकच प्याला’ आले. त्याचे लेखक राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच निवर्तले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मंडळीला लाभला होता.

साथीची सिद्धता तर अपूर्वच होती. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा, असे उत्तम मैफलीला भूषण ठरावे असे कलावंत बालगंधर्वांनी नाटकाच्या साथीला बसवले. पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आमच्या बहुतेक वाचकांना चर्चमधील गायनवृंदामुळे परिचित आहे. तोच ऑर्गन येथे रंगमंचापुढे आला. त्याची लहान बहीण पेटी हिचा जन्मही पॅरिसचा. आलेक्सांद्र देबेन याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट तेथे घेतले होते. या सर्व वाद्यांना एकत्र बांधणारा काठीवाला नायक मात्र आपल्या रंगभूमीवर नव्हता. पदाची लय, आलापाची लांबी, ‘वन्समोअर’ किती वेळा घ्यायचा आणि संवाद पुन्हा कोठे उचलायचा, हे सारे गाणारा नटच ठरवी. स्त्रीवेशात शालू सावरीत उभी असलेली ती व्यक्तीच साऱ्या संगीताची सूत्रे हलवीत होती.

हिशेबाच्या वहीत मात्र असा कोणी नायक नव्हता. भरजरी शालू खरे हवेत, दागिने घडणीचे हवेत, गालिचे अस्सल हवेत, प्रेक्षागृहात अत्तराचा सुगंध दरवळला पाहिजे, आणि मंडळीच्या पंगतीला आलेला पाहुणा तृप्त होऊन उठला पाहिजे. मायबापांना उणे काही द्यायचे नाही, हेच त्यांच्या खर्चाचे एकमेव अंदाजपत्रक होते. उत्पन्न प्रचंड होते. खर्च त्याहून मोठा होता. १९२१ च्या सुमारास मंडळीवरील कर्ज लाखाच्या पलीकडे गेले.

त्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा तो विख्यात प्रयोग झाला. बालगंधर्व आणि त्यांचे समर्थ प्रतिस्पर्धी, ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले, एकाच रंगमंचावर आले आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. स्वतःच्या डोक्यावर एवढा बोजा असताना रात्रीची सारी कमाई देशकार्याला देणारा मालक व्यवहारी माणसाला वेडा वाटेल. परंतु पुढे जे घडले त्याने वेड्याचा हा हिशेबही पुरा केला. लोकवर्गणी काढून कर्ज फेडावे, असे हितचिंतकांनी सुचवले. बालगंधर्वांनी ते मानले नाही. कर्ज आपण केले, ते आपणच गाऊन फेडू, ही त्यांची भूमिका होती. नादारी जाहीर करून सुटका करून घेण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. गावोगाव प्रयोग करीत, वर्षानुवर्षे रात्री जागवीत, त्यांनी त्या दशकात ते कर्ज फेडले. पै-पैची किंमत ज्याला कधी कळली नाही, त्याला दिलेल्या शब्दाची किंमत पुरती ठाऊक होती.

हा विजय टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३१ साली हिंदुस्थानी बोलपट आला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा पाया घातला. चार आण्यांत दिसणाऱ्या आणि गावोगाव डब्यात बंद होऊन जाणाऱ्या करमणुकीपुढे शालू-गालिच्यांचे बिऱ्हाड कसे टिकावे? त्याच १९३१ साली मंडळीने ‘कान्होपात्रा’ रंगवले, पण ओहोटी थांबली नाही. १९३४ च्या अखेरीस मंडळीचे काम थांबले. १९३५ साली बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ झाले. तेथे ते रमले नाहीत आणि पुन्हा नाटकाकडे वळले. पुढे गोहरबाई कर्नाटकी यांची साथ मिळाली. उत्तरायुष्यात पाय अधू झाले, संपत्ती उरली नाही. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण हे सन्मान आले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

या कथेचा शेवट आम्हांला धुळ्याकडे नेतो. १९४४ साली तेथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते मामा वरेरकर, म्हणजे ‘ललितकलादर्श’साठी ‘सत्तेचे गुलाम’ लिहिणारे नाटककार. आदल्याच वर्षी सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली होती. नाटककाराला असा बहुमान मिळत होता, पण ज्या फिरत्या मंडळ्यांनी नाटक खानदेशापर्यंत पोहोचवले त्यांपैकी बहुतेक तोवर मोडल्या होत्या. संहिता ग्रंथालयात राहिल्या, सूर तबकड्यांवर राहिले. संस्था राहिल्या नाहीत.

म्हणून बालगंधर्वांना उधळे म्हणून हसणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्या उधळेपणाला पूजणेही चुकीचे आहे असे आमचे मत आहे. आपल्या गावच्या नाट्यमंडळात, गायनवृंदात, वाचनालयात अशी एखादी गुणी व्यक्ती असतेच; सर्व कामे आपण तिच्यावर टाकतो, कारण ती ‘नाही’ म्हणत नाही. १९१३ च्या तीन मालकांची ती रचना टिकली असती, तर गळा गात राहिला असता आणि वहीही जुळली असती. गाणाऱ्याने गावे, पण त्याच्या शेजारी बसून जमाखर्च लिहिणारा एक प्रेमळ आणि निष्ठुर मित्र असला पाहिजे. जळगावच्या त्या खुल्या नाट्यगृहात पुढच्या वेळी गाण्याला बसाल, तेव्हा तिकीट फाडणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या त्या कार्यकर्त्यालाही एक नमस्कार करा. बालगंधर्वांना असा मित्र जन्मभर हवा होता.