साखरेच्या बेटावरचा अकीक

बार्बाडोस म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. सर गारफील्ड सोबर्स याच बेटाचे. १९६२ साली नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला तो इथेच, आणि त्यांच्यासाठी रक्त द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. २०२४ साली भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तोही इथल्याच केन्सिंग्टन ओव्हलवर.

बेट लहान, जेमतेम ३४ किलोमीटर लांब. हवापालटासाठी इथे येण्याची रीत मात्र जुनी. १७५१ मध्ये एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन क्षयाने आजारी असलेल्या भावाला घेऊन इथे आला होता. भावाला गुण आला नाही आणि जॉर्जला देवी आल्या, ही गोष्ट वेगळी! पुढे तर लंडनहून कॉन्कॉर्ड विमाने येऊ लागली, पश्चिम किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली आणि पर्यटनाने साखरेला मागे टाकले.

पण ही साखर आली कशी? १६२७ मध्ये इंग्रज इथे वसले. १६४० नंतर जंगले तोडून ऊस लावला गेला आणि तो कसायला आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली. १८३४ मध्ये कायद्याने गुलामी संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने साऱ्या साम्राज्यातील मळेवाल्यांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. राबणाऱ्यांच्या हाती एक छदामही पडला नाही.

न्यूटन नावाच्या मळ्यात या माणसांची दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५७० जण पुरलेले असावेत. १९७० च्या दशकातील उत्खननात एका वृद्धाच्या गळ्यात माळ सापडली. तिच्यात कवड्या होत्या, कुत्र्याचे सुळे होते, माशांचे मणके होते आणि एक तांबूस अकीकाचा मणी होता. अभ्यासकांच्या मते हा मणी बहुधा आपल्या खंबायतचा. खंबायतहून आफ्रिका आणि तिथून बार्बाडोस, एवढा त्याचा प्रवास! सगळे हिरावले गेलेल्या त्या माणसाला त्याच्या लोकांनी माळेसह निरोप दिला. तो बहुधा त्यांचा वैद्य असावा.

३० नोव्हेंबर १९६६ रोजी बार्बाडोस स्वतंत्र झाला आणि २०२१ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक. आज तिथले समुद्रकिनारे कायद्याने सर्वांचे आहेत. त्या वाळूवर पाय ठेवणाऱ्याने एक सकाळ न्यूटनच्या त्या साध्या गवताळ उतारासाठी राखून ठेवावी. आपल्याकडचा एक मणी तिथवर पोचला होता, एवढी ओळख त्याला पुरेशी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)