१९८४ चा राज्यचषक : लोद आणि बेअर शेवा

लोद आणि बेअर शेवा या दोन गावांची ओळख आपल्या समाजात कोणाला करून द्यावी लागत नाही. मुंबई, ठाणे, पुणे आणि कुलाबा जिल्ह्यातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे तिथे स्थायिक झाली. तिथे आपली सिनेगॉग आहेत, तिथे आपले मलिदे होतात. १९८४ साली हीच दोन गावे फुटबॉलच्या राज्यचषकाच्या, म्हणजे गवीआ हामदिनाच्या, अंतिम सामन्यात समोरासमोर उभी राहिली. खेळाच्या पुस्तकांत त्या हंगामाला एक ओळ मिळते. आपल्या दृष्टीने त्यात आणखी बरेच आहे.

प्रथम स्पर्धेविषयी. ही स्पर्धा राज्यापेक्षा जुनी आहे. ब्रिटिश अमदानीत, १९२८ साली, ती सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी भांडण झाले. हापोएल तेल अवीवने यरुशलेमच्या मक्काबी हश्मोनाई संघाला २-० असे हरवले. पण नियमात न बसणारा खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली आणि शेवटी चषक दोघांत वाटून द्यावा लागला. पुढे मक्काबी तेल अवीवने तो सर्वांत जास्त वेळा जिंकला. मोठ्या शहरांचे, पैशाचे आणि नावाचे संघ वरचढ ठरावेत यात नवल नाही.

पण बाद पद्धतीची गंमत वेगळी असते. ज्यांनी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपचे सामने पाहिले आहेत, त्यांना ती समजावून सांगायला नको. हरला तो घरी गेला. लीगमध्ये वर्षभर खेळावे लागते. तिथे ज्याच्याकडे चांगले खेळाडू जास्त, तो शेवटी वर येतो. चषकात मोजकेच सामने असतात. लहान गावाच्या संघाने पाच-सहा दिवस जीव ओतून खेळ केला आणि चिठ्ठीत नशीब बरे निघाले, तर तो थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचू शकतो.

१९८० नंतरची चार-पाच वर्षे अशीच गेली. १९८० साली चषक कफार सबाला गेला, १९८१ साली तेल अवीवच्या हातिकवा वस्तीतल्या बने येहुदाला, १९८२ साली येहूदला. १९८३ साली हापोएल तेल अवीवने तो राजधानीसारख्या मिरवणाऱ्या आपल्या शहरात परत नेला, आणि १९८४ साली तो लोदला आला. नकाशा पाहिला तर येहूद आणि लोद ही विमानतळाच्या दोन बाजूंची गावे. त्या विमानतळाचे नाव १९७३ पर्यंत लोदच होते. आपल्यापैकी अनेकांनी इस्राएलच्या भूमीवर पहिले पाऊल तिथेच टाकले, आणि पुढे कित्येकांनी तिथल्याच तासिया अवीरीतमध्ये, विमानांच्या कारखान्यात, नोकरी करून घर उभे केले.

दोन्ही अंतिम संघ हापोएलचे होते हेही लक्षात घ्यावे. हापोएल म्हणजे कामगार. मक्काबी हे नाव हनुक्काच्या शूरांवरून आले, तर हापोएल ही हिस्ताद्रूतच्या छत्राखाली वाढलेली संघटना. लोद हे रेल्वेचे जंक्शन. बेअर शेवा हे नेगेवमधले, रासायनिक कारखान्यांच्या परिसरातले गाव. इराक, मोरोक्को, त्रिपोली, रोमेनिया आणि हिंदुस्थान इथून आलेले लोक तिथे शेजारी शेजारी राहत होते. त्या काळी आपल्या घरांतही हिस्ताद्रूतचे पुस्तक आणि कुपात होलीमचे कार्ड एकाच खणात ठेवलेले असायचे.

वर्ष कठीण होते. लेबनॉनमध्ये सैन्य अडकून पडले होते. महागाईचा दर वर्षाला ४०० टक्क्यांच्या पुढे गेला होता. हातात आलेल्या पगाराची किंमत महिनाअखेरपर्यंत घटलेली असे. अशा वर्षात फुटबॉलनेही जुनी घडी मोडली. लीगचे अजिंक्यपद प्रथमच हैफाच्या मक्काबीने मिळवले आणि चषक प्रथमच लोदने.

अंतिम सामन्यात बेअर शेवाची बाजू जड मानायला जागा होती. १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी लीग जिंकली होती. लोदच्या कपाटात तसे काही नव्हते. तरीही पूर्ण वेळ गेला, जादा वेळ गेला, आणि एकही गोल झाला नाही. मग पेनल्टीची पाळी आली. अकरा मीटरवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक, आणि मागे सगळे गाव श्वास रोखून बसलेले. त्यात लोद जिंकला.

या चषकाने लोदला परदेशची वारी घडवली नाही. आशियाच्या संघटनेने १९७४ साली इस्राएलला बाहेर काढले होते आणि युरोपचे दार अजून उघडले नव्हते. ते दार पुढे बेअर शेवाला उघडे सापडले. त्यांनी तेरा वर्षे वाट पाहून १९९७ साली मक्काबी तेल अवीवला १-० ने हरवले आणि चषक नेगेवमध्ये नेला. त्याच्या जोरावर ते युरोपात गेले. तिथे हॉलंडच्या रोडा संघाने त्यांच्यावर एकाच सामन्यात दहा गोल चढवले! तरी गावाने चषकाचा आनंद सोडला नाही. २०२० आणि २०२२ साली बेअर शेवाने तो पुन्हा जिंकला. लोदच्या नावापुढे मात्र आजही एकच साल आहे.

१९६४ साली क्नेसेतच्या ठरावाने आपला लढा मार्गी लागला. त्याआधी आपल्या मुलामुलींच्या लग्नांसाठी आजी-पणजीपर्यंतची चौकशी सोसावी लागली होती. वीस वर्षांनी, १९८४ साली, अंतिम सामन्याच्या दोन्ही बाजूंना आपल्या लोकांची गावे होती. भाऊ लोदला आणि बहीण बेअर शेवाला अशी घरे आपल्यात काही कमी नाहीत. त्या दिवशी माणसाला एवढेच विचारले जात होते की तू कुठल्या गावाचा. ठरावाने हक्क मिळतो. पण गाव आपले व्हायला तिथे नोकरी करावी लागते, मुले वाढवावी लागतात आणि तिथल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडावेही लागते.

ज्यांनी ते दिवस पाहिले ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. नातवंडांना खेळाडूंची नावे पाठ असतात, पण आपल्याच गावाने चषक आणला होता हे त्यांना ठाऊक नसते. पुढच्या शुक्रवारी रात्री किद्दूशनंतर सगळे एकत्र बसले, की त्यांना हे जरूर सांगा.