शरीराची वाटणी

आमच्या महाविद्यालयापासून चालत पाच मिनिटांवर एक जिम आहे. तिच्या आरशाशेजारच्या भिंतीवर प्लास्टिकच्या आवरणात घातलेले एक वेळापत्रक लावलेले आहे. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार दंड, शुक्रवार पोट, शनिवार पाय, रविवारी सुट्टी. ज्यांचे उभे आयुष्य तासिकांच्या तक्त्यांत गेले अशा आम्हा अध्यापकांना ते पाहून प्रथम बरेच वाटले. निदान इथे तरी आपल्याला परिचित अशी काही व्यवस्था आहे, असा दिलासा मिळाला.

या दिलाशाची किंमत आमच्यातील एकाने मोजली. वय वर्षे शेहेचाळीस. जिने चढताना गुडघे कुरकुरू लागले म्हणून ते जिममध्ये आले होते. पायांसाठी नेमलेला वार शनिवार, आणि परीक्षेचे काम, विभागाच्या बैठका, नातलगांकडची कार्ये हीदेखील नेमकी शनिवारीच. तीन महिन्यांत तेरा शनिवार आले आणि त्यांतले चार पायांच्या वाट्याला आले. छाती मात्र तेराच्या तेरा सोमवार घडत राहिली. पुढे एका सहकाऱ्याच्या घरी सत्यनारायणाला पाटावरून उठताना त्यांना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले, तेव्हा ज्या कामासाठी आपण पैसे भरले ते काम झालेलेच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ट्रेनर मुलगा भला. "सर, शनिवार बुडवू नका," एवढेच तो म्हणाला. पाय शनिवारीच का, असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "असंच असतं सर, सगळीकडे."

'असंच असतं' हे उत्तर साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांकडून स्वीकारत नाही. म्हणून हे 'असंच' केव्हापासून आहे याचा थोडा शोध घ्यावा असे वाटले. या पद्धतीला जिममध्ये 'स्प्लिट' म्हणतात आणि सगळे शरीर एकाच दिवशी घेण्याच्या पद्धतीला 'फुल बॉडी'. या लेखापुरते आम्ही त्यांना 'वाटणी' आणि 'सर्वांग' म्हणू. वाटणी या शब्दाला मराठी घरात जो वास आहे तो इथे अगदीच गैरलागू नाही.

आपल्याकडच्या तालमीला ही वाटणी ठाऊक नव्हती. जोर काढले की छाती, खांदे, दंड आणि पाठ एकत्र कामाला लागतात. बैठका मारल्या की मांड्या आणि दम. जोर-बैठका हा शब्दच जोडीने येतो. सोमवारी जोर आणि शनिवारी बैठका असे कोणी वस्तादाला सुचवले असते तर त्याने काय उत्तर दिले असते याची कल्पना वाचकांनी करावी. कुस्तीच्या हौद्यात प्रतिस्पर्धी काही फक्त दंडांशी झुंजत नाही. शरीर ज्या कामासाठी घडवायचे ते काम अखंड होते, म्हणून मेहनतही अखंड होती.

पण ही केवळ आपलीच थोरवी, असे मानण्याचे कारण नाही. युरोपात आधुनिक शरीरसौष्ठवाचा पाया ज्याने घातला तो युजेन सँडो (१८६७–१९२५) हादेखील सर्वांगाचाच पुरस्कर्ता होता. १८९७ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात हलक्या डंबेल्सचे जे व्यायाम आहेत ते डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने आणि रोज करायचे आहेत. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात येऊन गेला. पण त्याचे नाव महाराष्ट्रात त्याआधीच पोचले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने आणि पुस्तके आणवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मग ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढे त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू केले आणि त्यांचा प्रचार परदेशापर्यंत नेला. सँडो आणि सूर्यनमस्कार यांत देशी-विदेशी असा विरोध पाहण्याची आपल्याला सवय आहे. व्यायामाच्या रचनेच्या दृष्टीने पाहिले तर औंधच्या राजाने एक सर्वांग पद्धत सोडून दुसरी सर्वांग पद्धत धरली, इतकेच. असो.

अमेरिकेत ॲलन कॅल्व्हर्टने १९०२ साली फिलाडेल्फियात 'मायलो बारबेल' कंपनी काढली आणि वजने कमीजास्त करता येणारी बारबेल घराघरांत जाऊ लागली. बारबेलबरोबर व्यायामाची पुस्तिका येत असे. तिचे सूत्र साधे होते: सर्व अंगांचे व्यायाम एका बैठकीत, एक दिवसाआड. आवृत्त्या हळूहळू वाढवायच्या आणि ठराविक आकड्याला पोचले की वजन वाढवायचे. १९३० च्या दशकात बॉब हॉफमनच्या 'यॉर्क बारबेल'ने आणि त्याच्या 'स्ट्रेंथ अँड हेल्थ' मासिकानेही सोमवार-बुधवार-शुक्रवार हीच चाल पुढे नेली. १९४७ चा 'मिस्टर अमेरिका' आणि पुढे पडद्यावरचा हर्क्युलिस झालेला स्टीव्ह रीव्ह्ज आठवड्यातून तीनदा सर्व शरीराचा व्यायाम करी. १९५१ चा 'मिस्टर युनिव्हर्स' रेग पार्क याने १९६० साली लिहिलेल्या पुस्तिकेत पाच सेट, प्रत्येकी पाच आवृत्त्या, आठवड्यातून तीन दिवस, असा क्रम दिला. ज्यांची छायाचित्रे आजही जिमच्या भिंतींवर दिसतात त्यांच्यापैकी काहींची शरीरे त्याच भिंतीवरच्या वेळापत्रकाने घडलेली नाहीत, ही गोष्ट आम्हाला मोठी मौजेची वाटली.

मग वाटणी आली कशी? प्रथम ती अंकगणितातून आली. दहा व्यायाम, प्रत्येकाचा एकच सेट आणि विश्रांतीसह प्रत्येक सेटला अडीच मिनिटे धरली, तर पंचवीस मिनिटांत काम आटोपते. प्रत्येकी तीन सेट केले तर सव्वा तास. पाच केले तर दोन तासांहून अधिक, आणि तेही दहावा व्यायाम येईपर्यंत अंगात त्राण उरले तर. सेट वाढण्याला एक आदरणीय कारणही लाभले. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शिकागोच्या लष्करी रुग्णालयात उपचार करताना डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी वजनांचा क्रमवार वापर सुरू केला. १९४५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि १९४८ पर्यंत दहा आवृत्त्यांचे तीन सेट हे त्याचे सुटसुटीत रूप ठरले. डिलॉर्म यांच्यासमोर एक दुखावलेला गुडघा होता; त्या एका गुडघ्यापुरते तीन सेट ही मुळीच चैन नव्हती. तोच हिशेब निरोगी माणसाच्या दहा-बारा व्यायामांना लावला की बैठक लांबते. लांबलेली बैठक दोन दिवसांत मोडावी, आज कमरेवरचे आणि उद्या कमरेखालचे करावे, ही अगदी शहाणपणाची तडजोड होती. मूळची वाटणी ही एवढीच होती आणि तिच्यावर आमचा काही आक्षेप नाही.

दुसरे कारण स्पर्धांचे. १९४० च्या दशकातल्या अमेरिकन स्पर्धांत सर्वोत्तम दंड, सर्वोत्तम पाठ, सर्वोत्तम पाय अशी वेगवेगळी पारितोषिके दिली जात. शरीर काय करू शकते यापेक्षा ते अवयवागणिक कसे दिसते, हा प्रश्न एकदा पुढे आला की परीक्षकाची नजर व्यायाम करणाऱ्याच्या आठवड्यात शिरणारच. आणि या नजरेला घराघरांत नेण्याचे काम जो वीडर या विलक्षण माणसाने केले. माँट्रियलच्या या तरुणाने १९४० साली 'युअर फिजिक' हे मासिक काढले, १९४६ मध्ये भावाबरोबर शरीरसौष्ठवाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापला, १९६५ मध्ये 'मिस्टर ऑलिंपिया' सुरू केली आणि १९६८ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरला अमेरिकेत आणले. जिममध्ये आधीपासून चालत आलेल्या युक्त्या गोळा करून त्यांना 'वीडर तत्त्वे' असे नाव देण्याची त्याची हातोटी मोठी होती. वाटणीपद्धत आणि दिवसातून दोनदा व्यायाम करण्याची दुहेरी वाटणी ही त्यांपैकीच.

मासिकाच्या संपादकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की या पद्धतीचे आकर्षण लगेच कळते. 'सगळे शरीर, आठवड्यातून तीनदा, हळूहळू वजन वाढवा' हा लेख एकदाच लिहिता येतो. छातीचा लेख, पाठीचा लेख, दंडाच्या मागच्या बाजूचा लेख हे मात्र दर महिन्याला नव्याने लिहिता येतात, आणि प्रत्येकाशेजारी प्रथिनांच्या डब्याची जाहिरात बसते. वीडर कपटी होता असे आम्ही म्हणत नाही. नियतकालिकाची गरज लेखनाला कसा आकार देते हे मराठी कथेच्या अभ्यासकांना तरी वेगळे सांगायला नको. इथे तिने शरीराच्या आठवड्याला आकार दिला.

तिसऱ्या कारणाबद्दल मासिके बराच काळ गप्प राहिली. १९५८ साली 'सिबा' कंपनीचे डायनाबॉल हे स्टेरॉइड अमेरिकेत बाजारात आले आणि १९६० च्या दशकात वजन उचलणाऱ्यांच्या जगात ते पसरले. औषधाच्या आधाराने शरीर अधिक काम झेपवते, लवकर सावरते आणि स्नायूची बांधणी दीर्घकाळ चालू राहते. आठवड्यातले सहा दिवस, दिवसातून दोनदा, अशा विजेत्यांच्या दिनक्रमांचे तक्ते छापले गेले, पण त्यांतली ही ओळ गाळून. आमच्या जिमच्या भिंतीवर जे लावले आहे ती त्या गाळीव प्रतीची गाळीव प्रत आहे. पाठभेदाची चिकित्सा करणाऱ्यांना अशा प्रती परिचयाच्या असतात.

सर्वांगाच्या बाजूलाही दुकानदार होतेच, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. 'नॉटिलस' यंत्रांचा जनक आर्थर जोन्स याने १९७० पासून वीडरच्या उलट बाजू घेतली: आठवड्यातून तीनदा, सर्व शरीर, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, पण शक्ती संपेपर्यंत. १९७३ च्या मे महिन्यात कोलोरॅडोत केसी व्हायेटर या मल्लावर त्याने प्रयोग केला आणि अठ्ठावीस दिवसांत त्रेसष्ट पौंड स्नायू वाढल्याचे जाहीर केले. आधीच्या अपघातात व आजारपणात व्हायेटरचे बरेच वजन उतरले होते, आणि गमावलेले शरीर परत मिळवणे हे नवे कमावण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. शिवाय सर्वांगाचा हा पुरस्कर्ता यंत्रे मात्र अवयवागणिक वेगळी विकत होता.

विज्ञानाने या भांडणाचा निवाडा बराचसा शांतपणे केला आहे. १९९५ साली कॅनडातल्या मॅकडूगल व सहकाऱ्यांनी दंडाच्या स्नायूत प्रथिनांची बांधणी मोजली. व्यायामानंतर चार तासांनी ती निम्म्याने वाढलेली, चोवीस तासांनी दुपटीहून थोडी अधिक आणि छत्तीस तासांनी जवळजवळ पूर्वपदावर आलेली आढळली. म्हणजे सोमवारी जागवलेली छाती बुधवारी पुन्हा झोपते आणि पुढच्या सोमवारपर्यंत तिला कोणी उठवत नाही. ब्रॅड शोनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा स्नायूवाढीसाठी आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा बरे, असा निष्कर्ष निघाला. २०१९ मध्ये अधिक अभ्यास हाती आल्यावर मात्र त्यांनी सांगितले की आठवड्याचे एकूण काम सारखे असेल तर ते किती दिवसांत वाटले याने फारसा फरक पडत नाही.

तेव्हा वाटणी चूक आणि सर्वांग बरोबर असे म्हणायला आधार नाही. सहा दिवस निश्चित मोकळे असणाऱ्या तरुणाला वाटणी मानवते. वजने फार जड झाली की बैठक आणि डेडलिफ्ट एकाच दिवशी झेपत नाहीत. सर्वांगात शेवटी येणाऱ्या व्यायामाला थकलेले शरीरच मिळते, हाही दोष खरा आहे. परंतु 'एकूण काम सारखे असेल तर' या अटीपाशी आमच्यासारख्यांची गाडी अडते. आमच्या सहकाऱ्याचाच हिशेब घ्या. दर शनिवारी पायांचे बारा सेट. तेरा शनिवारांचे एकशेछप्पन्न. तेच सेट तीन दिवसांत चार-चार वाटले तरी बेरीज तीच. पण नऊ शनिवार बुडाल्यावर वाटणीत अठ्ठेचाळीस सेट उरतात आणि सर्वांगात एकशेवीस. प्रयोगशाळेत शनिवार बुडत नाहीत. ज्याचा आठवडा त्याच्या स्वतःच्या हातात नाही, मग तो अध्यापक असो की पाळीवर जाणारा कामगार की घरातल्या आजाऱ्याचे सगळे पाहणारी बाई, त्याला कोणता वार बुडेल हे आधी ठाऊक नसते. विजेत्यांच्या दिनक्रमात असा माणूस कधी गृहीतच धरलेला नव्हता.

आम्ही आता एका जुन्या पर्यवेक्षण-तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर पाच व्यायाम लिहून घेतले आहेत. बैठक पहिली, मग छातीचे, मग ओढण्याचे, मग डोक्यावर उचलण्याचे आणि शेवटी वजन हातात धरून चालणे. प्रत्येकी तीन-चार सेट, आठवड्यातून तीनदा, ज्या वारी जमेल त्या वारी. सहकाऱ्यांचे गुडघे पूर्ण बरे झाले असे नाही, पण गेल्या महिन्यात एका बारशाला ते पाटावरून हात न टेकता उठले आणि आमच्याकडे पाहून हसले.

भिंतीवरचे वेळापत्रक आहे तिथेच आहे. सोमवारी छातीच्या बाकांसमोर रांग असते. शनिवारी मात्र जिममध्ये गर्दी सर्वांत कमी. पायांच्या यंत्रांवर टॉवेल वाळत घातलेले असतात, ते आम्ही बाजूला सारतो.