रजोनिवृत्तीनंतरची संप्रेरके आणि रक्तदाब

यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पन्नाशीच्या स्त्रीच्या अंगातून निघणाऱ्या गरम वाफा सहजच उन्हाच्या खाती जमा होतात. रजोनिवृत्तीचा हा त्रास असह्य झाल्यास इस्ट्रोजेन संप्रेरक हा सर्वांत प्रभावी उपाय मानला जातो. मात्र रक्तदाबाच्या दृष्टीने, ते शरीरात कोणत्या वाटेने जाते हे महत्त्वाचे ठरते.

गोळीतील इस्ट्रोजेन प्रथम यकृतात पोहोचते व तेथे अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाची निर्मिती वाढवते. त्यापासून बनणारे द्रव्य रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल यकृताची ही पहिली फेरी टाळते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील १,१२,२४० महिलांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्वचेवाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपेक्षा गोळी घेणाऱ्यांना उच्च रक्तदाब जडण्याचा धोका १४ टक्के अधिक आढळला. अमेरिकेतील, २००२ मध्ये थांबवलेल्या गाजलेल्या चाचणीत वरच्या रक्तदाबातील सरासरी वाढ जेमतेम एक-दीड मिलिमीटर होती. पण सरासरीत एखादीची मोठी वाढ झाकली जाते.

त्यामुळे रक्तदाब आधीच वाढलेला असल्यास तो प्रथम आटोक्यात आणून, गोळीऐवजी पट्टी वा जेलचा विचार केला जातो. उपचारापूर्वी आणि उपचार सुरू असतानाही रक्तदाब मोजावा लागतो. ती सोय गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते.